मुक्त प्रदेशात नांगर कोण धरतो?

अद्भुतिकेतल्या जगात गुलामगिरी असावी की नसावी, असा एक वाद अलीकडच्या काळात इंग्रजी भाषेतल्या भूमिकाखेळांच्या वर्तुळात झडला. 'पाथफाइंडर' या खेळाची प्रकाशक असलेल्या पायझो या अमेरिकन कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केले, की यापुढच्या पुस्तकांतून गुलामगिरीचा विषय बाजूला काढला जाईल. काहींनी निर्णयाचे स्वागत केले, काहींनी इतिहास पुसला जात असल्याची ओरड केली. आमच्या मते दोन्ही पक्ष भलत्याच मुद्द्यावर भांडत होते. या खेळांच्या विश्वांत गुलामगिरी आजवर कोणाच्या दारात नेऊन ठेवली गेली, हे आधी पाहायला हवे होते. ते पाहिले असते तर ती ठेवण्याचा आग्रह आणि काढण्याची घाई, दोन्हींचे मूळ एकाच गैरसमजात आहे असे दिसून आले असते.

ज्या वाचकांचा या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे प्रास्ताविक. भूमिकाखेळ म्हणजे रोल-प्लेइंग गेम. चारपाच माणसे टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एकेका पात्राची भूमिका घेतो, एकजण सूत्रधार होतो, फासे पडतात आणि त्यांच्या कौलाने कथा पुढे सरकते. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला तेव्हापासून हा प्रकार रूढ आहे. या खेळांना एक जग लागते, आणि त्या जगाचे वर्णन करणारे जाडजूड ग्रंथ निघतात: नकाशे, राजवंश, देवदेवता, व्यापारी मार्ग, चालीरीती. इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरची आठवण व्हावी असा हा मजकूर असतो. साहित्याचे विद्यार्थी त्याकडे सहसा फिरकत नाहीत. आम्हांस मात्र तो कादंबरीइतकाच वाचनीय वाटतो, कारण समाज कसा चालतो याविषयी लेखकाने मनात काय गृहीत धरले आहे, ते येथे कथानकाच्या आडोशाविना उघडे पडते.

या ग्रंथांतल्या एल्फ, ड्वार्फ वा ऑर्क यांच्या चालीरीती मनाने रचल्या तरी चालते. माणसांचे तसे नाही. माणसांना इतिहास लागतो, आणि तो उसना आणला जातो. ही रीत रॉबर्ट ई. हॉवर्ड याने १९३०च्या दशकात घालून दिली. कॉनन या आपल्या नायकासाठी त्याने 'हायबोरियन युग' नावाचा एक कल्पित भूतकाळ रचला. त्यात स्टिजिया म्हटले की इजिप्त समजावे, व्हेंध्या म्हटले की हिंदुस्थान. वाचकाला दोन शब्दांत वातावरण मिळते, लेखकाचे पन्नास पानांचे श्रम वाचतात. युक्ती म्हणून ती वाईट नाही. आपल्या ऐतिहासिक नाटकांतही एक जिरेटोप दिसला की प्रेक्षकाला पुढचे सांगावे लागत नाही. अडचण अशी, की पोशाखाबरोबर दुसरेही काही गाठोड्यात बांधून येते आणि ते कोणी सोडून पाहत नाही.

'फरगॉटन रेल्म्स' हे एड ग्रीनवुड यांचे विश्व १९८७ मध्ये खेळासाठी प्रसिद्ध झाले. आजही ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे सर्वांत परिचित विश्व आहे. त्यातले कॉर्मिरचे राज्य किंवा वॉटरडीपचे बंदर पाहावे: सरदार, किल्ले, धर्मशाळा, गव्हाची शेते, मध्ययुगीन पश्चिम युरोपाचे रंग. येथे गुलामगिरी नाही. नकाशावर बोट ठेवून दक्षिणेकडे सरकले की कॅलिमशान लागते. तेथे पाशा, बाजार, जिन्न आणि गुलाम. पूर्वेकडे थे नावाचे लाल मांत्रिकांचे राज्य, तेथे गुलाम. आणखी पुढे मुलहोरांड, म्हणजे पिरॅमिड, फॅरो आणि पुन्हा गुलाम. नायकांचे घर वायव्येला आणि बेड्या आग्नेयेला, अशी ही वाटणी आहे. ग्रीनवुड वा त्यांच्या सहलेखकांनी ती द्वेषाने केली असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी ती विचारच न करता केली, आणि समीक्षकाला हेच अधिक महत्त्वाचे वाटले पाहिजे.

कारण ज्या मध्ययुगीन युरोपाच्या नमुन्यावर कॉर्मिर बेतले आहे, त्या युरोपात गुलाम होतेच. १०८६ मध्ये इंग्लंडात जी डोम्सडे नावाची मोजणी झाली, तीत नोंदलेल्या लोकांपैकी सुमारे दहा टक्के गुलाम होते. ब्रिस्टलच्या बंदरातून इंग्रज माणसे आयर्लंडला विकली जात, आणि तो व्यापार थांबवण्यासाठी वुस्टरच्या वुल्फस्टन या बिशपाला तेथे जाऊन वारंवार प्रवचने द्यावी लागली. डब्लिन हा तर व्हायकिंगांचा गुलामबाजारच होता. जेनोआचे व्यापारी काळ्या समुद्रावरच्या काफा बंदरातून माणसे भरून आणीत. इंग्रजीतला गुलामवाचक शब्ददेखील 'स्लाव' या युरोपीय लोकनामावरून आला. पुढे गुलामांची संख्या घटली तेव्हा शेतीचा भार जमिनीशी बांधलेल्या कुळांवर पडला. धन्याच्या शेतावर वेठ करायची, त्याला पैसे भरल्याशिवाय मुलीचे लग्न लावायचे नाही, गाव सोडायचे नाही. कॉर्मिरमध्ये यातले काही नाही. शेतकरी आहे तो हसतमुख आहे, राक्षसांनी गाव लुटले की नायकांना हाक मारतो आणि शेवटी आभार मानतो. या पुस्तकांत दोराची, मशालीची, तलवारीची किंमत नाण्यानिशी दिलेली असते. दोर कोणी वळला याचा पत्ता नसतो.

याहून बोलके उदाहरण गोलारियनचे आहे. हे पाथफाइंडरचे विश्व. त्यात अँडोरान नावाचे एक प्रजासत्ताक आहे. राजेशाही उलथून लोकांचे राज्य स्थापन करणारे, गरुडाचे चिन्ह मिरवणारे हे राष्ट्र पाहून अठराव्या शतकातल्या अमेरिकन क्रांतीची आठवण कोणालाही होईल. अँडोरान गुलामगिरीचे कट्टर वैरी आहे. त्याची जहाजे समुद्रावर गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा पाठलाग करतात. प्रत्यक्षातल्या अमेरिकेने १७७६ मध्ये स्वातंत्र्य पुकारले तेव्हा सर्वच्या सर्व तेरा वसाहतींत गुलामगिरी कायदेशीर होती. १७८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची तीनपंचमांश गणना करण्याचे कलम घालण्यात आले. गोलारियनमध्ये क्रांती अँडोरानला मिळाली आणि गुलाम मात्र सैतानपूजक चेलियाक्सच्या आणि वाळवंटातल्या काटापेशच्या खाती टाकले गेले. इतिहासापासून स्फूर्ती घेण्याविषयी आमची तक्रार नाही. पण स्फूर्तीच्या नावाखाली जमाखर्चाची पाने अशी अदलाबदल होते तेव्हा त्याला आम्ही स्वतःची समजूत काढणे म्हणू.

मुलहोरांडकडे पुन्हा एकवार वळतो, कारण तेथे ही सारी पद्धत नकळत स्वतःच्याच तोंडून बोलली आहे. १९९० च्या 'ओल्ड एम्पायर्स' या पुस्तकात सांगितलेली कथा अशी: फार पूर्वी इमास्कार नावाचे मांत्रिकांचे साम्राज्य होते. रोगराईने त्याची प्रजा मेली. मजूर हवेत म्हणून मांत्रिकांनी दुसऱ्या जगात द्वारे उघडली आणि तेथली माणसे पळवून आणून गुलाम केली. ते दुसरे जग म्हणजे आपली पृथ्वी, आणि पळवलेली माणसे म्हणजे प्राचीन इजिप्तचे आणि मेसोपोटेमियाचे लोक. त्यांचे देव त्यांच्या हाका ऐकून मागोमाग आले, बंड झाले, इमास्कार कोसळले, आणि मुक्त झालेल्यांनी मुलहोरांड आणि उंथर ही राज्ये वसवली. तेथे त्यांनी स्वतः गुलाम ठेवले. ग्रंथकाराची खरी गरज एवढीच होती, की कल्पित नकाशावर पिरॅमिड का आहेत याचे काहीतरी कारण द्यावे. ते देताना त्याने जे लिहिले त्यात एका सामर्थ्यशाली जगाने आपल्या सोयीसाठी दुसऱ्याच्या संस्कृतीतली माणसे उचलून आणली आहेत. सगळ्या उसन्या संस्कृती अशाच आल्या आहेत, असे म्हणण्याचा मोह होतो. शिवाय ज्यांनी दास्य भोगले तेच पुढे धनी झाले, हा विषय तर एखाद्या मोठ्या कादंबरीचा. पुस्तक त्यावर थबकत नाही. त्याला पुढच्या परिच्छेदात देवळांची यादी द्यायची आहे.

गुलामगिरी जेथे कथानकाच्या मध्यभागी येते तेथेही ती बहुधा तळघर होऊन येते. १९८० आणि १९८१ मध्ये निघालेली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची चार साहसे, ज्यांत नायक गुलामांच्या व्यापाऱ्यांचा माग काढतात, ती या प्रकारातली नामांकित. चौथ्या साहसाच्या आरंभी नायक स्वतःच बंदी होतात. शस्त्रे, चिलखत, मंत्रपोथी सगळे हिरावले जाते आणि अंधाऱ्या गुहांतून रिकाम्या हातांनी वाट काढावी लागते. खेळ म्हणून ही कल्पना फार चांगली आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण बेड्या, चाबूक आणि कोठड्या यांपलीकडे गुलामगिरी काय असते, याचा विचार येथे नाही. खरेदीदार कथेच्या कडेलाच राहतो. डेलॉस बेटावर एका दिवसात दहा हजार माणसांची आवकजावक होऊ शके, असे स्ट्रॅबो लिहितो. एवढी माणसे घेत कोण होते? शेतमळेवाले, खाणीवाले, आणि मुलांना शिक्षक हवा असलेले सभ्य गृहस्थ. सिसरोचा लेखनिक टिरो हा त्याचा गुलाम होता. धन्याने त्याला पुढे मुक्त केले आणि टिरोने धन्याचे लेखन सांभाळले. तळघरात त्याला जागा सापडत नाही.

ऑर्लंडो पॅटरसन या समाजशास्त्रज्ञाने १९८२ च्या आपल्या ग्रंथात गुलामगिरीला 'सामाजिक मृत्यू' म्हटले. मार खाणे हा तिचा एक भाग झाला. गुलामाला कुळ राहत नाही, पूर्वज राहत नाहीत, त्याची मुले त्याची राहत नाहीत, हा तिचा गाभा. आपल्या वाचकांना हे समजायला पॅटरसनची गरज नाही. द्यूतसभेतली द्रौपदी जो प्रश्न विचारते तो याच गाभ्याचा आहे: जो आधी स्वतःला हरला, तो दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकारी उरतो काय? भीष्मासारख्यालाही उत्तर देता आले नाही. कद्रू आणि विनता यांच्या कथेत तर एका पैजेने आई दासी होते आणि गरुड मुलगा म्हणून आपोआप त्या दास्यात ओढला जातो. मनुस्मृती दासांचे सात प्रकार सांगते, नारद पंधरा. कोणी युद्धात जिंकलेला, कोणी अन्नासाठी राहिलेला, कोणी घरातच जन्मलेला, कोणी वारसाने आलेला. प्रत्येकाची सुटका वेगळी, काहींची नाहीच. फाशांचा खेळ रचणाऱ्यांना महाभारतातला फाशांचा खेळ ठाऊक असता तर किती वेगळी साहसे लिहिली गेली असती, असे मनात येते. असो.

अपवाद आहेत. 'डार्क सन' हे १९९१ चे विश्व ट्रॉय डेनिंग आणि टिमथी ब्राउन यांनी रचले. जळून गेलेले, पाण्याला महाग झालेले हे जग, आणि त्यातली प्रत्येक नगरी एकेका मांत्रिक-राजाच्या मुठीत. येथे हिरवे स्वतंत्र घर कोठेच नाही, त्यामुळे दोष ढकलायला शेजारीही नाही. टायर नगरीचा राजा कालक आपले झिगुरात पुरे करण्यासाठी लोखंडाच्या खाणींतले गुलाम बांधकामावर जुंपतो, आणि खाणी बंद पडून व्यापारी अस्वस्थ होतात. एवढ्या एका तपशिलाने ती नगरी खरी वाटू लागते, कारण गुलामांच्या हातांत काय होते आणि ते थांबल्यावर काय थांबले, हे ग्रंथकाराने पाहिले आहे. 'फ्रीडम' या साहसात खेळगडी याच बांधकामावर गुलाम म्हणून राबतात आणि कालकच्या अंताचे साक्षी होतात. सर्व पुस्तके या उंचीची आहेत असे नाही. आखाड्यातल्या झुंजींची आवड जागोजागी वरचढ होते. तरीही ही वाट योग्य होती.

दुसरा अपवाद 'अल्-कादिम'चा (१९९२). अरबी कथांच्या रंगाचे हे विश्व पुष्कळसे चित्रपटातल्या बगदादसारखे आहे. पण त्यात खेळगड्याला मामलूक होता येते, म्हणजे राज्याचा गुलाम असलेला प्रतिष्ठित योद्धा. येथे मात्र उसना इतिहास नेमका आहे. इजिप्तवर १२५० ते १५१७ या काळात मामलूकांनीच राज्य केले, आणि दिल्लीचा कुत्बुद्दीन ऐबकही गुलाम होता. मराठी वाचकाला तर मलिक अंबर जवळचा. इथिओपियात जन्मलेला, पुन्हापुन्हा विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या चंगेजखान या पेशव्याच्या पदरी आला, आणि तो चंगेजखान स्वतः पूर्वाश्रमीचा हबशी गुलाम. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने खडकी वसवली, जमीनमहसुलाची घडी बसवली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. इंग्रजी खेळविश्वांच्या साच्यात हे पात्र बसवू पाहिले तर साचा तडकतो. तो पीडित म्हणावा, तर सुलतान गादीवर बसवणारा तो. धनी म्हणावा, तर त्याचे 'अंबर' हे नावही एका मालकाने दिलेले.

येथे कोणी म्हणेल, की मग अडचण अज्ञानाची आहे. इतिहास नीट अभ्यासला की झाले. तसे नाही. भूमिकाखेळांत सर्वांत व्यासंगी विश्व टेकुमेलचे मानले जाते. ते रचणारे एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई अभ्यासाचे प्राध्यापक होते. १९७५ मध्ये त्यांचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' आला. युरोपाची नक्कल नाकारून त्यांनी भारत, इजिप्त, मेक्सिकोतल्या प्राचीन संस्कृती यांच्या धाग्यांनी एक समाज विणला, त्यासाठी भाषा आणि लिप्या घडवल्या, कुळे, मानपान आणि दास्य यांची बारीक व्यवस्था लावली. आणि याच गृहस्थांनी १९९१ मध्ये टोपणनावाने एक नाझीवादी कादंबरी लिहिली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर, २०२२ मध्ये, त्यांच्या वारशाची जपणूक करणाऱ्या संस्थेनेच मान्य केले. परक्या संस्कृतीचे सखोल ज्ञान आणि माणसांविषयीची समदृष्टी एकत्र नांदतातच असे आम्हा प्राध्यापक मंडळींना मानायला आवडते. बार्करांचे उदाहरण त्या समजुतीला पुरेसे आहे.

आता काढून टाकण्याविषयी. ज्यांचे पूर्वज विकले गेले त्या कृष्णवर्णीय अमेरिकन खेळगड्याला सुटीच्या संध्याकाळी मित्रांच्या टेबलावर लिलावाचा प्रसंग नको असेल, तर त्याला समजवायला जाणारे आपण कोण? खेळ सुरू होण्याआधी सूत्रधाराने सर्वांना विचारावे, कोणाला काय नको ते ऐकावे आणि ते पाळावे. यात कलेची हानी वगैरे काही नाही. पण टेबलावरचा संकोच आणि ग्रंथातले मौन या निराळ्या गोष्टी आहेत. चेलियाक्सचे वाडे, काटापेशचे बाजार तसेच ठेवून फक्त राबणारी माणसे पानांवरून उठवली, तर ते वाडे कोणाच्या श्रमावर उभे राहिले हा प्रश्नही उठून जातो. कॉर्मिरचा हसतमुख शेतकरी आता सर्वत्र दिसू लागेल, एवढेच.

पुरेसा विचार न करता ठेवण्याचे काय होते हेही २०२२ मध्ये दिसले. 'स्पेलजॅमर' या विश्वाच्या नव्या आवृत्तीत हडोझी नावाच्या वानरसदृश जमातीची कथा होती: एका मांत्रिकाने त्यांना पकडले, औषध पाजून माणसासारखी बुद्धी दिली, विकण्याचा बेत केला, आणि मांत्रिकाच्या शिष्यांनी त्यांना सोडवले. वानर, गुलाम, आणि दयाळू मुक्तिदाते. अमेरिकेत हे तिन्ही एकत्र आले की कोणते चित्र उभे राहते हे छापण्याआधी कोणाच्याही ध्यानात येऊ नये, याचे आश्चर्य वाटते. प्रकाशकांनी माफी मागून मजकूर मागे घेतला, ते योग्यच झाले.

एका समाजाची गुलामगिरी दुसऱ्या समाजाच्या कथेत आणणे मुळातच गैर आहे काय? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेत निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्यांनीही उसना इतिहास आणला. मात्र तो आणला स्वतःच्या गावातले दास्य ओळखण्यासाठी, आणि ज्याच्याकडून आणला त्याचे ऋण पहिल्याच पानावर नोंदवून. खेळविश्वांच्या लेखकांनी नेमकी उलट दिशा धरली: आपल्या घरातले उचलून दूरच्या वाळवंटात ठेवले.

आमचे विद्यार्थी आता हे खेळ खेळतात, आणि त्यांतले काही दख्खनवर बेतलेले विश्व रचू पाहतील तो दिवस दूर नाही. त्यात अफजलखानाचा शामियाना आणि हबशी पहारेकरी येतीलच. गोव्याचे पोर्तुगीजही येतील. तेथल्या भर रस्त्यावर माणसांचा लिलाव होत असे हे १५८०च्या दशकात तेथे राहिलेल्या लिन्सखोटेनने लिहून ठेवले आहे, तेव्हा त्यांच्यावर अन्याय होईल असे नाही. पण मोल्सवर्थचा कोश उघडला तर त्यात कुणबीण आणि बटीक हे शब्दही सापडतात. लेकावळा, वेठ हे शब्दही मराठीला बाहेरून कोणी येऊन शिकवलेले नाहीत. पेशवाईतल्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीचे उल्लेख आहेत. ग्लोरँथा या विश्वावर बेतलेल्या 'किंग ऑफ ड्रॅगन पास' या १९९९ च्या संगणकखेळात दास ठेवणारे कुळ खेळगड्याचे स्वतःचेच असू शकते, आणि त्यांना ठेवायचे की सोडायचे हा निर्णय त्याला आपल्या माणसांत बसून घ्यावा लागतो. दख्खनचे विश्व रचणाऱ्याने गडाचा नकाशा काढताना सदरेबरोबर परसही काढावे, तेथे जात्यावर कोण बसले आहे ते लिहावे, आणि ती बाई नायकाच्या घरात कशी आली याचा कागद नायकाच्याच दप्तरात ठेवावा.